लोणचे नासते कशाने?

चैत्र सरत आला की मोरिवलीकडच्या बाजारात कैरी दिसू लागते. मोरिवली हे अंबरनाथ शहरातलेच एक गाव. म्हणायला गाव, पण भोवती कारखान्यांची वसाहत. एका अंगाला उल्हासनगर, दुसऱ्या अंगाला बदलापूर, आणि मधून कल्याण-कर्जत रेल्वे. या स्टेशनांच्या बाहेर बायका पाट्या घेऊन बसतात. कोणी मुरबाडकडून आलेली असते, कोणी कर्जतकडून. ठाकूर आणि कातकरी बायका रानातली करवंदे, भोकरे आणतात. कैरीचे वाटे लावलेले असतात. ते हिरवेगार वाटे बघितले की घराघरांत एकच बोलणे सुरू होते. "यंदा लोणचं किती घालायचं?"

घालायची हौस सगळ्यांना असते. भीती एकाच गोष्टीची. टिकेल का? कैरी, तेल, मोहरी, तिखट, हिंग यांना पैसा काही थोडा लागत नाही. दोन दिवस घरातली माणसे राबतात. आणि श्रावणात बरणी उघडून बघावी तर वर पांढरी बुरशी! मग चौकशी सुरू होते. कोणी शिवलं? कोणाची सावली पडली? बोट कोणाकडे जाते ते तुम्हाला ठाऊकच आहे. घरातल्या सुनेकडे, नाहीतर वयात आलेल्या मुलीकडे. "पाळीचे दिवस होते ना तुझे? गेली असशील बरणीजवळ." झाले. लोणचे गेले ते गेलेच, वर एका पोरीच्या माथी दोष आला.

लोणचे खरोखर कशाने नासते, ते आपण या धड्यात नीट बघू. ते एकदा कळले की टिकवायचे कसे हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत असे बारीक जीव सगळीकडे असतात. हवेत असतात, पाण्यात असतात, आपल्या हातावर असतात, कैरीच्या सालीवरही असतात. त्यांतल्या काहींना आपण बुरशी म्हणतो, काहींना जंतू. या जिवांना जगायला अन्न लागते आणि पाणी लागते. बुरशीला हवाही लागते. कैरीची फोड म्हणजे त्यांना ताट वाढून ठेवल्यासारखेच. त्यांना ते ताट खाता येऊ नये म्हणून आपण जी खटपट करतो, तिचे नाव लोणचे.

पहिला बंदोबस्त मिठाचा. घरात करून बघा. कैरीच्या दोन फोडी घ्या. एकीला मीठ चोळा, दुसरी तशीच ठेवा. तासाभराने मिठाच्या फोडीखाली पाणी साचलेले दिसेल. मिठाने फोडीतले पाणी बाहेर ओढले. जंतूच्या अंगातले पाणीही मीठ असेच ओढून घेते. मग तो वाढू शकत नाही. पण त्यासाठी मीठ भरपूर हवे. लोणच्याच्या १०० भागांत १२ भागांच्या आसपास मीठ असले तर ते वर्षभर राखण करते. "औंदा मीठ जरा कमीच घाला" असे म्हणून हात आखडला, तर राखणदार अर्धाच उभा राहिला असे समजा.

दुसरा बंदोबस्त आंबटपणाचा. बहुतेक जंतूंना आंबट मानवत नाही. कैरी, लिंबू, करवंद, आवळा यांत आंबटपणा जन्माचाच असतो. म्हणून लोणचे घालायला ही फळे आपल्या लोकांनी निवडली. तिसरा बंदोबस्त तेलाचा. फोडींच्या वर तेल उभे राहिले की हवा आत जात नाही, आणि हवेवाचून बुरशीचे काही चालत नाही. मोहरीचेही काम आहे. मोहरी कुटून ओल लागली की नाकाला झोंबणारा उग्रपणा सुटतो. तो जंतूंनाही झोंबतो. मात्र मोहरी करपेपर्यंत भाजली तर हा उग्रपणा निघतच नाही. म्हणून जुन्या बायका लोणच्याची मोहरी जास्त भाजू देत नाहीत. त्यांचे ते बरोबर आहे.

आता पाळीचा मुद्दा. पाळी म्हणजे काय? गर्भाशयाच्या आतले अस्तर महिन्याच्या महिन्याला अंगाबाहेर टाकले जाते, एवढेच. त्यातून काही उडून बरणीत पडत नाही. सावलीत तर काहीच नसते. सावली म्हणजे उजेड अडलेली जागा. लोणच्याच्या कारखान्यांत शेकडो बायका काम करतात. महिन्याचे सगळे दिवस करतात. तिथे कोणाला कोणी काही विचारत नाही, आणि ते लोणचे दुकानातून आणून आपण आवडीने खातो.

मग इतक्या पिढ्या हा समज टिकला कसा? आमच्या मते त्याचे कारण असे. नियम पाळला आणि लोणचे टिकले, की श्रेय नियमाला. नियम पाळूनही लोणचे नासले, की "कोणीतरी चोरून शिवलं असेल." असा नियम कधी हरतच नाही. आणि जो कधीच हरू शकत नाही त्याची परीक्षा तरी कशी व्हायची? ज्यांना शंका आहे त्यांनी दोन लहान बरण्या घ्याव्यात. दोन्हींत एकच लोणचे भरावे. एका बरणीला पाळी असलेल्या बाईने हात धुऊन, पुसून, कोरड्या चमच्याने रोज ढवळावे. दुसरीत घरच्या कर्त्या पुरुषाने रोज ओला चमचा घालावा. पावसाळ्यात दोन्ही बरण्या उघडून बघाव्यात. लोणच्याला विटाळ असतो तो पाण्याचा.

ज्याला कैरी घ्यायची कळली त्याचे अर्धे काम झाले, म्हणून आता बाजाराकडे वळू.

पूर्वी शेतकऱ्याला आपला माल बाजार समितीच्या आवारात न्यावा लागे. तिथून तो व्यापाऱ्याकडे, तिथून किरकोळ विक्रेत्याकडे, आणि मग आपल्या पिशवीत. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने फळे आणि भाजीपाला या सक्तीतून मोकळा केला. त्याच वर्षापासून शहरांमध्ये शेतकऱ्यांचे आठवडी बाजार भरवायला जोर आला. शेतकरी गिऱ्हाइकाला थेट विकू लागला. लोणचे घालणाराला याचा मोठा फायदा, आणि तो फक्त भावाचा नाही. माल ज्याने काढला तोच समोर बसलेला असतो. त्याला विचारता येते. कैरी कधी उतरवली? झेल्याने काढली की काठीने झोडपली? झाड घरचे की रानातले?

हे विचारण्यात संकोच धरू नका. वैशाखात वळवाचा पाऊस आणि वारा येतो. दुसऱ्या दिवशी बाजारात कैरी एकदम स्वस्त होते. ही गळालेली कैरी. जमिनीवर आपटून तिला आतून मार बसलेला असतो. वरून दिसत नाही, पण आठ दिवसांत तिथे काळा डाग पडतो. वर्षाच्या लोणच्याला ती घेऊ नये. स्वस्त मिळाली म्हणून जरूर घ्या, पण त्याच दिवशी चिरून तिचा मेथांबा करा, नाहीतर आमटीत घाला. पाडाला लागलेली कैरीही लोणच्याला कामाची नाही. ती गोडीकडे झुकलेली असते. आंबटपणा कमी झाला म्हणजे दुसरा बंदोबस्त ढिला झाला. शिवाय फोड मऊ पडते ती निराळीच.

हवी ती कैरी घट्ट, गडद हिरवी, आत कोय धरलेली. चिरली की आतला गर पांढरा दिसावा. रायवळ कैरी आंबट असते, मुरूनही कुडकुडीत राहते. राजापुरी मोठी, गरदार. तोतापुरी कमी आंबट, ती चार दिवसांच्या ताज्या लोणच्याला ठीक. आम्हाला विचाराल तर वर्षासाठी रायवळच. बाजारात मोठा अडकित्ता घेऊन कैऱ्या फोडून देणारे बसतात. त्यांच्याकडून फोडून घेतली तर घरचे श्रम वाचतात. पण आधी कैरी घरी नेऊन धुवावी, पुसून पूर्ण कोरडी करावी, आणि मग फोडायला न्यावी. फोडल्यावर धुतली तर पाणी थेट गरात शिरते. अडकित्ताही पुसायला सांगावा. आधीच्या गिऱ्हाइकाची कैरी ओली असेल तर तिचे पाणी आपल्याकडे कशाला?

घरात लोणचे मृग लागायच्या आत घालून मोकळे व्हावे. पाऊस सुरू झाला की हवाच ओली होते.

आता माप. १ किलो फोडींना २२५ ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, १०० ग्रॅम लाल तिखट, २ चमचे हळद, १ चमचा मेथी, २ चमचे हिंग आणि ३०० ग्रॅम तेल. याची बेरीज करून बघा. सगळे मिळून पावणेदोन किलोच्या आसपास होते. त्यात मीठ २२५ ग्रॅम. म्हणजे १०० भागांत १२ ते १३ भाग. वर सांगितलेला हिशेब बरोबर जुळतो. फोडी किती निघतील याचाही अंदाज असावा. ५ किलो अख्खी कैरी घेतली तर कोय आणि देठ जाऊन साधारण साडेतीन किलो फोडी हाती येतात. कैरीच्या वजनावर मीठ मोजू नका, फोडींच्या वजनावर मोजा.

मीठ जाडे घ्यावे, कढईत कोरडे भाजून गार करावे. फोडींना मीठ आणि हळद चोळून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी तळाशी पाणी सुटलेले दिसेल. पुष्कळजणी ते ओतून टाकतात. "पाण्यानं लोणचं नासतं असं तुम्हीच सांगितलंत ना?" असेही कोणी म्हणेल. पण हे पाणी निराळे आहे. ते मिठाने आणि आंबटपणाने भरलेले आहे. त्यात जंतू वाढत नाही. ते फेकले तर आपण घातलेले मीठच फेकले जाते. शत्रू आहे ते साधे पाणी, नळाचे, हाताचे, चमच्याचे.

मेथी थोड्या तेलात तळून कुटावी. कढईत तेल चांगले तापवावे, उतरवावे, त्यात थोडी मोहरी, हिंग, हळद घालावी. ही फोडणी पूर्ण गार होऊ द्यावी. घाई नको. गरम फोडणी ओतली तर फोड शिजून मऊ पडते. दुसरे म्हणजे बरणीत वाफ धरते, झाकणाला थेंब जमतात आणि तेच थेंब परत लोणच्यात पडतात. आपल्याच हाताने पाणी घातल्यासारखे झाले. गार फोडणीतली थोडी बाजूला काढून बाकीची मसाल्यात कालवावी, मग त्यात फोडी घोळाव्यात.

बरणी आदल्या दिवशी धुऊन उन्हात कडकडीत वाळवावी. निखाऱ्यावर चिमूटभर हिंग टाकून त्यावर बरणी उपडी धरायची जुनी रीत आहे. बरणीत उरलेली ओल त्या ऊबेने जाते. घरात निखारा नसेल तर नुसते ऊनही पुरते. बरणीच्या तळाशी मुठीने मीठ पसरावे, त्यावर लोणचे दाबून भरावे, मध्ये पोकळी राहू देऊ नये. वर पुन्हा थोडे मीठ. तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधावा. आठ दिवस रोज कोरड्या लाकडी चमच्याने खालवर करावे. मग राखून ठेवलेली फोडणी वर ओतावी. फोडी तेलाखाली बुडाल्या पाहिजेत. बोटभर तेल वर दिसले तर उत्तम. दिसले नाही तर आणखी तेल तापवून, गार करून घालावे. पंधरा दिवसांत लोणचे खाण्याजोगे मुरते.

रोजच्या वापराला लहान बरणी वेगळी काढा. मोठी बरणी रोज उघडू नका. जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा पावसाळ्याची ओली हवा आत जाते. बरणीवर कागदाची पट्टी चिकटवा. तिच्यावर आपल्या हाताने लिहा: कैरी, तारीख, मीठ किती, तेल किती. यंदाचे लोणचे टिकले तर पुढच्या वर्षी तोच कागद उपयोगी पडेल. नासले तर काय कमी पडले हे त्यावरून काढता येईल. कोणावर बोट दाखवायची पाळी येणार नाही.

बरणीच्या कडेला कधी कधी पांढरे दिसते. घाबरू नका, आधी बघा. कण खरखरीत असतील आणि पाण्यात विरघळत असतील तर ते मीठ. कापसासारखे मऊ, लव असलेले दिसले तर ती बुरशी. "वरचं काढून टाका, खालचं चांगलं आहे" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आमचे म्हणणे, खाऊ नये. बुरशी वर दिसते तेवढीच नसते. तिचे तंतू खाली गेलेले असतात, आणि काही बुरशी विषारीही असतात. पाच किलो लोणचे फेकायला जिवावर येते हे आम्हाला कळते. म्हणूनच एका मोठ्या बरणीऐवजी तीन लहान बरण्या भराव्यात. एक बिघडली तरी दोन वाचतात.

आता मोरिवलीच्या शेजारी, उल्हासनगरात चला. तिथे एक वेगळेच लोणचे भेटते, आणि ते आपल्या बोलण्याला खोटे पाडते की काय असे वाटते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी होती. १९४७ साली फाळणी झाली. सिंधमधून घरदार सोडून आलेली हजारो माणसे या रिकाम्या छावणीत उतरवली गेली. १९४९ साली तिचे नाव उल्हासनगर झाले. त्या माणसांबरोबर त्यांची खाण्याची रीतही आली. हिवाळ्यात सिंधी घरांत गाजर, सलगम, फ्लॉवर यांचे पाण्याचे लोणचे घालतात. कुटलेली मोहरी, मीठ, तिखट, लसूण आणि कोमट पाणी. तेलाचे नाव नाही. बरणी तीनचार दिवस उन्हात ठेवली की पाणी आंबट होते, आणि मग ते पाणीसुद्धा चवीने पितात.

आमच्याकडे पाणी शत्रू, आणि त्यांच्याकडे पाण्यातच लोणचे. हे कसे?

उत्तर आपल्या घरात रोज तयार होते. दुधात विरजण घातले की दही लागते. ते काम जंतूच करतात, पण ते आपल्या कामाचे जंतू. ते आंबटपणा तयार करतात. पाण्याच्या लोणच्यात मीठ मोजके असते. तेवढ्या मिठात कामाचे जंतू तग धरतात, वाईट जंतू मागे पडतात. चार दिवसांत पाणी इतके आंबट होते की वाईट जंतूंना तिथे जागाच उरत नाही. म्हणजे कैरीत आंबटपणा जन्माचा, आणि इथे तो मागाहून तयार केलेला. जर्मनीत लोक कोबी असाच आंबवतात. कोरियात त्याला किमची म्हणतात. तिथे थंडीच्या तोंडावर शेजारीपाजारी जमून वर्षाची किमची घालतात. दक्षिण कोरियातल्या या रीतीला युनेस्कोने २०१३ साली मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. आपल्याकडेही एका आळीतल्या बायका मिळून कैऱ्या फोडायला बसतातच की!

मात्र हे पाण्याचे लोणचे वर्षाचे नव्हे. आंबट झाले की थंड जागी ठेवून दोनतीन आठवड्यांत संपवायचे.

आता एक गोष्ट सांगतो ती नीट वाचा. ती चवीची नाही, जिवाची आहे. मातीत एक जंतू असतो. त्याचे नाव बॉट्युलिनम. तो हवेत वाढत नाही. हवा नसलेली जागा त्याला आवडते, म्हणजे नेमकी तेलाखालची. लसूण, ओली हळद, आले, बांबूचे कोंब या मातीजवळच्या वस्तू. यांत आंबटपणा जवळजवळ नसतो. हिरवी मिरचीही आंबट नसते. लसणाच्या पाकळ्या नुसत्या तेलात बुडवून बरणी महिनाभर बाहेर ठेवली, तर आत हा जंतू वाढू शकतो आणि विष तयार करू शकतो. वास येईलच असे नाही. चव बदलेलच असे नाही. हे विष पोटात गेले की नजर दुहेरी होते, जीभ अडखळते, गिळता येत नाही, शेवटी श्वास अडकतो. असे काही दिसले तर त्या क्षणी दवाखाना गाठावा.

यावर उपाय सोपा आहे. आंबटपणा मोजायचे एक माप आहे. त्याला पीएच म्हणतात. साध्या पाण्याचे माप ७. आकडा जितका लहान, तितके आंबट जास्त. लिंबाच्या रसाचे माप २ ते ३ असते. ४.६ च्या खाली बॉट्युलिनम वाढत नाही. म्हणून मिरची, लसूण, ओली हळद यांच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर सढळ हाताने घालावे. पाव किलो मिरचीला ५ ते ६ रसाळ लिंबे, आणि मीठ वरच्या हिशेबाने. आपल्या आज्या हळदीच्या आणि मिरचीच्या लोणच्यात लिंबू पिळत आल्या ते उगाच नाही. हल्ली मात्र पुष्कळजण लिंबू महाग झाले की हात आवरतात आणि तेल वाढवतात. तेल हवा अडवते, आंबटपणाचे काम ते करू शकत नाही. लसूण नुसत्या तेलात हवाच असेल तर थोडा करावा, फ्रीजमध्ये ठेवावा आणि चार दिवसांत खाऊन टाकावा.

जिवाचीच आणखी एक गोष्ट, आणि ती खास आपल्या भागाची. मोरिवलीच्या आसपास कारखाने आहेत. कारखान्यांतून रिकामी झालेली प्लॅस्टिकची पिंपे, कॅन, डबे भंगारात येतात. ती स्वस्त मिळतात, दिसायला भक्कम असतात. कोणी पाणी साठवायला घेते, कोणी लोणच्याला. हे कधीही करू नका. त्या कॅनमध्ये आधी काय होते हे भंगारवालाही सांगू शकत नाही. प्लॅस्टिक काही प्रमाणात आतले रसायन शोषून घेते. साबणाने दहा वेळा धुतले तरी ते निघत नाही. लोणच्यात आंबट आहे, मीठ आहे, तेल आहे. ही तिन्ही मिळून ते रसायन पुन्हा बाहेर ओढतात. असले स्वस्त पिंप औषधपाण्याला फार महाग पडते.

पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यातही लोणचे ठेवू नये. कल्हई गेलेली असेल तर आंबटाने धातू लोणच्यात उतरतो. काचेची बरणी किंवा चांगली झिलई असलेली चिनी मातीची बरणी हीच खरी. झिलईला तडा गेलेला नसावा. दुकानातून आणलेल्या लोणच्याच्या काचेच्या बाटल्या उकळत्या पाण्याने धुऊन, वाळवून वापरल्या तर त्याही उत्तम, आणि फुकट.

लोणचे किती खावे यावर एकच हिशेब सांगतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. एक चमचा लोणचे १५ ग्रॅम धरले तर त्यात जवळजवळ २ ग्रॅम मीठ आले. घरात ज्यांना रक्तदाब आहे त्यांच्या पानात एक फोड वाढावी, आणि खार गाळावा.

पुष्कळ बायकांच्या मनात असते की लोणचे जास्त घालावे आणि विकावे. मन चांगले आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तोच पुढे लिज्जत पापड झाला. पण पापड कोरडा असतो. लोणचे ओले. लोणच्यात जोखीम जास्त, हे धरून चालावे. घरच्या बरणीतले नासले तर आपले नुकसान. विकलेले नासले तर दुसऱ्याच्या पोराचे पोट दुखते. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे घरी करून विकणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. बाटलीवर नाव, पत्ता, आत काय काय आहे, वजन, केल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावे हे छापावे लागते. भाव ठरवताना कैरी, तेल, मसाला एवढेच धरू नका. बाटली, गॅस, गाडीभाडे, बिघडलेला माल आणि आपली स्वतःची मजुरीही धरा. मजुरी धरायची राहून जाते, आणि मग धंदा चालतो पण बाईच्या हाती काही उरत नाही. पहिल्या वर्षी दहा किलो करा. एक बाटली न विकता घरात ठेवा आणि दर महिन्याला उघडून बघा. ती किती टिकते ते बघूनच पुढच्या बाटल्यांवर मुदत घाला.

वर्ष संपता संपता फोडी संपतात आणि तळाशी खार उरतो. तो फेकवत नाही, आणि फेकूही नये. पण त्या खारात नव्या वर्षाच्या फोडी टाकू नका. त्याचे मीठ जुन्या फोडींना पुरेल इतकेच होते. नव्या फोडींचे पाणी सुटले की ते पातळ होते आणि दोन्ही जातात. त्या खारात मुळ्याच्या चकत्या, नाहीतर कांदा चिरून घालावा, आणि त्याच दिवशी भाकरीबरोबर खावा.